ओळीचा शेवटचा शब्द

२१ जून

फांग आज वर आमच्या गावी आला. सलग तिसरा उन्हाळा. छंगदूच्या विद्यापीठात भाषाशास्त्र शिकवतो, पण तोंड अजून परीक्षेला बसलेल्या पोरासारखं. बरोबर तेच आवाज टिपायचं यंत्र, तोच केसाळ टोपी घातलेला माइक आणि आईसाठी चहाचा डबा. आईला तो आवडतो, कारण तिचं बोलणं तो मधेच तोडत नाही. आमच्या घरात ही सवय दुसऱ्या कोणाला नाही.

मला दुभाषी म्हणून बसवलं आहे. मी खाली बाजारगावातल्या शाळेत चिनी शिकवते, सुट्टीत वर येते. आमची बोली मला येते, पण आईसारखी नाही. या वर्षी फांगला एकच गोष्ट हवी आहे: एखाद्याने काय केलं ते सांगून त्याची ओळख कशी करून देतात. काल आलेला पाहुणा, मी शिवलेला जोडा, असं. सोपं काम आहे असं मला सकाळी वाटत होतं.

"आजी, 'मी पाहिलेला कुत्रा' कसं म्हणाल?"

"कुठला कुत्रा?"

"कुठलाही. समजा, मी पाहिला."

"पाहिलास तू आणि विचारतोस मला?"

दुपारपर्यंत आम्ही 'मांजराला चावलेल्या कुत्र्याला मारलेला माणूस' इथवर पोचलो आणि अडलो. असं आमच्या गावात कोणी केलेलं नाही, मग ती उगीच कशाला म्हणेल, असं आईचं म्हणणं. युन्तांग, माझा धाकटा भाऊ, दारात आलुबुखारांचे क्रेट रचत होता. तो तिथूनच ओरडला, "म्हण गं एकदा आई. बिचाऱ्याचं पोट आहे त्यावर."

रुईलानशी, म्हणजे त्याच्या बायकोशी, त्याचं पुन्हा काहीतरी बिनसलंय. याया इकडून तिकडे निरोप नेते. "बाबा, आई म्हणते जेवण झालंय." "आईला सांग, भूक नाही." सहा वर्षांच्या पोरीला टपाल खात्यात नोकरी लावली आहे दोघांनी. मी बोलत नाही. लग्न न केलेल्या बाईने नवरा-बायकोत पडू नये.

२५ जून

फांगने आज मला नीट समजावून सांगितलं. जगातल्या पुष्कळ भाषांत माणूस आधी येतो आणि त्याची हकिगत मागून. दक्षिणेला जंगलात आमच्या बोलीच्या भाऊबंदांपैकी एक भाषा आहे, तीसुद्धा तसंच करते. खिंडीपलीकडचे तिबेटी कधीकधी माणसाला हकिगतीच्या मधेच बसवतात. पण चिनीत आणि आमच्या बोलीत हकिगत सगळी आधी सांगायची आणि माणूस शेवटी.

मी आयुष्यभर चिनी शिकवत आले, हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. मी विचारलं, एका माणसामागे किती हकिगती लावता येतील? तो म्हणाला, व्याकरणाला कितीही चालतील, पण लोक दोन लावतात, फार तर तीन. पुढे ऐकणाऱ्याला धीर राहत नाही.

आई म्हणाली, "घाईत असणारे लोक असतील."

३ जुलै

दोन दिवस पाऊस नुसता कोसळत होता. सकाळी उघडला, तसा भाऊ क्रेट भरून गाडी घेऊन खाली निघाला. फळं सडतील म्हणून. नाश्त्याच्या वेळी आवाज आला. मला वाटलं, धरणाच्या कामावर सुरुंग लावला. मग शेजारचे लोक खाली धावताना दिसले.

काळ्या ओढ्याजवळ डोंगराची एक अख्खी बाजू रस्त्यावर आली आहे. रस्ता कुठे होता तेही कळत नाही.

६ जुलै

सरकारी लोक येतात, फोटो काढतात, थांबा म्हणतात. कशासाठी थांबायचं ते सांगत नाहीत. वरून अजून दगड सुटतात, म्हणून जवळ जाऊ देत नाहीत. मी आज एका साहेबाशी भांडले. तो शांतपणे ऐकून म्हणाला, "बाई, तुमचं बरोबर आहे." इतकं असहाय मला कधी वाटलं नव्हतं. माझं चुकलं असतं तर निदान काही करता तरी आलं असतं.

आई चुलीपाशी बसून असते. रडत नाही. यायाला जवळ घेऊन झोपते.

९ जुलै

माती उपसायला यंत्र आलं. चालवणारा मियानयांगकडचा आहे, छाय नावाचा. पस्तिशीचा असेल, कमी बोलतो. खाली तंबूत राहायला सांगितलं होतं, पण तंबूत पाणी शिरलं. आईने त्याला आमच्या खालच्या खोलीत, मक्याची कणसं असतात तिथे, जागा दिली. आपल्या माणसाला शोधायला आलेल्याला चिखलात झोपवायचं का, म्हणाली. बरोबरच आहे.

१५ जुलै

मी भावाचं नाव इथे लिहायचं सोडून दिलं आहे. लिहिणं म्हणजे बोलणं होतं का कोण जाणे, पण हात धजत नाही.

आमच्या गावात गेलेल्या माणसाचं नाव घेत नाहीत. त्याची ओळ घेतात. घरातली सगळ्यात मोठी बाई चुलीपाशी सगळ्यांसमक्ष ओळ म्हणते, म्हणजे त्याने काय केलं ते. आणि शेवटचा शब्द त्याची बायको जोडते. बाबांची ओळ आजीने म्हटली, 'शाळेच्या भिंतीसाठी आपल्या घरचे दगड दिलेला', आणि आई म्हणाली, 'नवरा'. तेव्हापासून अख्खं गाव, आम्ही मुलंसुद्धा, बाबांना दगड दिलेला नवराच म्हणतो. बायकोने तो शब्द जोडला की ती त्या घरची, मरेपर्यंत. ती दुसरा शब्दही जोडू शकते, मग तिला जायला मोकळीक असते, असं म्हातारे सांगतात. मी तरी कोणी तसं केल्याचं ऐकलं नाही.

ओळ म्हणेपर्यंत मात्र नाव नाही आणि ओळही नाही. नुसता 'तो'. आज पाणवठ्यावर कोणीतरी आईला विचारलं की ओळीला कधी बसायचं. आई म्हणाली, "आधी सापडू दे."

तिला अजून आशा आहे.

२३ जुलै

रुईलान रोज दुपारी डबा घेऊन खाली दरडीवर जाते, संध्याकाळी यंत्र बंद झालं की परतते. तोवर दगडावर बसून प्रत्येक बादलीकडे बघत असते, असं लोक सांगतात. मी तिला म्हणाले, "तू उन्हात वाळून जाशील. तिथे बसून तो लवकर सापडणार आहे का?"

"नाही, वन्सं."

"मग?"

"इथे बसूनही सापडणार नाही."

मला तिचं कौतुक वाटलं. हयात असताना धड बोलत नव्हते एकमेकांशी, पण शेवटी नवरा तो नवराच. ही ओळीला शब्द जोडेल तेव्हा गावाचे डोळे भरून येतील.

४ ऑगस्ट

गाडीचं दार सापडलं. नुसतं दार. आत यायाने चिकटवलेलं सशाचं चित्र, ते तसंच.

छायने ते धुऊन, चादरीत गुंडाळून स्वतः उचलून वर आणलं. अंगणात ठेवलं आणि आईसमोर गुडघ्यावर बसून म्हणाला, "आजी, मला माफ करा. याच्यापुढे नदीच आहे." रुईलान भिंतीला धरून उभी होती. आईने त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "तुझ्या हाताला लागलंय. रुईलान, पट्टी आण."

त्या वेळी पट्टीचं सुचणं म्हणजे कमालच. मी तर उभी राहिले ती राहिलेच.

११ ऑगस्ट

तिरफळं काढायला आली आहेत. दरवर्षी हे काम तो करायचा. यंदा मी आणि रुईलान करतोय आणि माझे हात काट्यांनी चाळणी झाले आहेत. बोटांना मुंग्या येतात, डोळ्याला हात लावायची सोय नाही. छाय दुपारच्या सुट्टीत येऊन वरच्या फांद्या तोडून देतो. कोणी न सांगता. हल्लीच्या काळात अशी माणसं मिळत नाहीत.

मी आईला म्हणाले, "दार सापडलं. आता ओळ म्हणायला हरकत नाही."

"तिरफळं वाळू देत."

"तिरफळांचा आणि त्याचा काय संबंध?"

"घर पसरलंय सगळं. लोकांना बसवू कुठे?"

ही सबब आहे हे मला कळतं. दार डोळ्यांनी पाहूनही ती मानायला तयार नाही.

२० ऑगस्ट

आई संध्याकाळी एक वाडगा जास्त ठेवते. आज मला ते असह्य झालं. आम्ही तिघी आणि याया जेवलो तरी तो वाडगा तसाच, वर ताट झाकून. मग छाय काम संपवून आला, हातपाय धुतले आणि सरळ त्या वाडग्यासमोर बसून जेवायला लागला. त्याला कोणी सांगितलंच नसणार की तो कोणासाठी ठेवलेला असतो. मी रुईलानला बाजूला घेऊन म्हटलं, "त्याला दुसरा वाडगा दे. हे बरं दिसत नाही." तिचे डोळे खाली गेले. गोरीमोरी झाली. आई चुलीपासून म्हणाली, "जेवू दे त्याला."

याया त्याच्या शेजारी बसून त्याला आमच्या बोलीतले शब्द शिकवत होती. तो प्रत्येक शब्द चुकत होता आणि ती हसत होती. ती हसलेली ऐकून खरंतर बरं वाटलं. बऱ्याच दिवसांत घरात कोणी हसलं नव्हतं.

७ सप्टेंबर

शाळा सुरू झाली. आठवडाभर खाली राहते, शनिवारी दरड चढून वर येते. आता पायवाट झाली आहे.

मुलांना काल वाक्यं लिहायला दिली: कोणीतरी काय केलं ते आधी सांगा, माणूस शेवटी आणा. एका मुलीने लिहिलं, 'दरवर्षी आम्हाला आलुबुखार फुकट देणारे काका.' मी तिला पूर्ण गुण दिले आणि वर्गाबाहेर जाऊन उभी राहिले.

२१ सप्टेंबर

आईला आज मी समोर बसवून विचारलं. गाव कुजबुजायला लागलं आहे. चांद्र पंचांगातल्या दहाव्या महिन्याच्या पहिल्या दिवशी आमचा सण, तेव्हा प्रत्येक घराच्या छतावरून देवदाराचा धूर निघाला पाहिजे. ज्या घरात ओळ राहिली आहे त्या घराला धूर करता येत नाही, आणि एका घराचा धूर नसला तर सगळ्या गावाचा सण अर्धा. पाणवठ्यावर परवा कोणीतरी रुईलानला ऐकवलं, "तुमच्या घरी अजून तो वाट चुकलाय का?" असली माणसं.

"आई, तो यायचा नाही," मी म्हणाले. मी हे पहिल्यांदाच तोंडाने बोलले.

"मला माहीत आहे."

"मग?"

"यायाला खोकला आहे. जाऊ दे तिचा खोकला."

मी हात टेकले. सत्तरी उलटलेल्या बाईला कोण समजावणार? मला वाटतं, तिच्या डोक्यावर परिणाम झालाय. फांगशी फोनवर बोलले. तो म्हणाला, आजींना घाई करू नका. त्याला काय जातं बोलायला?

५ ऑक्टोबर

रुईलानने छायच्या कोटाची बाही शिवून दिली. तिला म्हटलं, "आता तुझ्या मनाचंही बघायला हवं. किती दिवस असं अधांतरी राहणार? ओळ झाली की तुझंही एक ठिकाण होईल."

तिने सुई बाहीत टोचून ठेवली. मग म्हणाली, "वन्सं, आईंना मी काही विचारू शकत नाही."

"तू कशाला विचारतेस? मी आहे ना."

तिने माझ्याकडे असं पाहिलं की मला भरून आलं. बिचारी. सासूपुढे तोंड उघडायची हिंमत नाही, म्हणून इतके दिवस झुरत बसली. घरात कोणीतरी खंबीर असावं लागतं.

१२ ऑक्टोबर

मी गावाचे विधी करणाऱ्या भगतबुवांकडे गेले आणि आईला न विचारता दिवस ठरवून टाकला. पुढचा रविवार. बुवा म्हणाले, "म्हातारीला सांगितलंस?" मी म्हटलं, "सांगीन." ते हुक्का ओढत राहिले. "तुझी आई वेडी नाही, माओबाई. काहीतरी धरून बसली असेल." मी म्हटलं, "तेच तर सोडवायचं आहे, बुवा."

संध्याकाळी आईला सांगितलं. मला वाटलं ती भांडेल. ती भांडली नाही. यायाची वेणी घालत होती, ती सोडून पुन्हा पहिल्यापासून घालायला लागली. एवढंच म्हणाली, "फांगलाही बोलव. तो ऐकतो नीट."

मला हलकं वाटलं. एवढ्यासाठी तीन महिने काढले.

२० ऑक्टोबर

आजच लिहून ठेवते.

सकाळीच लोक जमले. चुलीभोवती म्हातारे, मागे बाकीचे, दारापर्यंत. ओळ संपून शेवटचा शब्द पडेपर्यंत कोणी उठायचं नाही, काही खायचं नाही, हा नियम. सहसा चहा उकळण्याआधी सगळं संपतं. फांग कोपऱ्यात, गुडघ्यावर यंत्र. छाय बाहेर अंगणात, तो परका म्हणून. रुईलान आईच्या उजव्या हाताला, नवं फडकं डोक्याला बांधून.

गावाला वाटत होतं की आई विजेच्या खांबांबद्दल म्हणेल. वरच्या वस्तीवर खांब नेले तेव्हा पुढे तोच होता. मीसुद्धा तेच सुचवलं होतं. आईने डोळे मिटले आणि सुरुवात केली.

"चेरीच्या झाडावरून पडून पुढचे दोन दात पाडून घेतलेला..."

कोणीतरी हसलं. बुवांनी मान हलवली. आई थांबली नाही.

"बहीण पाण्याला घाबरते म्हणून, तिच्याहून लहान असून, तिला पाठीवर घेऊन ओढा ओलांडणारा, खोटं बोलताना कान लाल होणारा, बापाची शेवटच्या आजारात रोज दाढी करणारा, वीज वरच्या वस्तीवर नेणारा..."

इथे संपेल असं सगळ्यांना वाटलं. ओळ संपली की शिंपडायचा मद्याचा घडा बुवांनी पुढे ओढला. आईने श्वास घेतला आणि पुन्हा सुरू केलं.

"बाजारात कोंबड्या नेताना त्यांना पुढच्या सीटवर बसवणारा, आलुबुखार मोजून विकायला लाजणारा, पोरीचा पहिला दात रुमालात बांधून गाडीत ठेवलेला..."

ती बोलतच राहिली. चूल विझायला आली तरी कोणी लाकूड सरकवलं नाही. माणूस येतच नव्हता. तो शब्द येत नाही तोवर भाऊ गेला आहे हेही ठरत नव्हतं, आणि आई हकिगतीमागून हकिगत लावत होती, आणि आम्ही सगळे उपाशी, पाय अवघडलेले, तिला थांब म्हणायचा अधिकार कोणाला नाही. मला ओरडावंसं वाटलं. मला तिला मिठी मारावीशीही वाटली. मी दोन्हीतलं काही केलं नाही. मी कोपऱ्यात पाहिलं तर फांगने यंत्र बंद करून ठेवलं होतं.

मग आईचा आवाज बदलला. जरा खाली आला.

"बायकोशी आठ-आठ दिवस न बोलणारा, पोरीच्या तोंडून तिला निरोप धाडणारा..."

असलं ओळीत म्हणत नाहीत. मी आईचा हात दाबला, तिने तो सोडवून घेतला.

"मी रागावेन म्हणून तिला माहेरी जाऊ न देणारा, मी रागावले नसते हे कधी न कळलेला, तिरफळाचा काटा तिच्या हाताला लागू नये म्हणून सगळी झाडं एकट्याने तोडणारा, आणि हे तिला कधी न सांगितलेला..."

रुईलान रडत होती. तोंडावर हात न घेता, सरळ समोर बघत. आईने डोळे उघडले, तिच्याकडे वळली आणि गप्प झाली.

आता एक शब्द. सगळ्यांच्या ओठांवर तो तयार होता. बुवांनी घड्यात बोट बुडवलं.

"...आईंचा मुलगा," रुईलान म्हणाली.

बुवा म्हणाले, "पुन्हा म्हण, पोरी. गोंधळ झाला असेल."

"नाही बुवा. मी नीट म्हटलंय."

बुवांनी आईकडे पाहिलं. आई म्हणाली, "शिंपडा." मद्य शिंपडून झालं तशी ती उठायला लागली. गुडघ्यावर हात ठेवून म्हणाली, "वाढायला घ्या. लोक सकाळपासून उपाशी आहेत."

२१ ऑक्टोबर

मी रुईलानशी बोलत नाही. इतका काळ दगडावर बसून वाट पाहिली आणि ऐन वेळी जीभ फिरवली. आता जन्मभर गाव माझ्या भावाला 'आईंचा मुलगा' म्हणणार, म्हणजे त्याला ना घर ना दार.

फांग निघताना मी त्याला विचारलं, यंत्र का बंद केलंस? आयुष्यात पुन्हा इतकी लांब ओळ मिळणार नाही तुला. तो बूट घालत म्हणाला, "आजी मला सांगत नव्हत्या, माओबाई." मग कोणाला सांगत होती, असं मी विचारणार होते. राहून गेलं.

२ नोव्हेंबर

सण झाला. आमच्या छतावरून धूर निघाला. काल रस्ताही पुरता मोकळा झाला आणि यंत्र परत न्यायला मोठा ट्रक आला.

आज सकाळी रुईलान यायाला घेऊन गेली. सामान दोन गाठोडी. आईच्या पाया पडली तेव्हा दोघी किती वेळ तशाच राहिल्या. आईने रात्री पुरं केलेले कशिद्याचे जोडे यायाच्या पायांत घातले, दोन बोटं मोठे. "वाढेल," म्हणाली. याया म्हणाली, "आजी, मी उद्या येते." आई म्हणाली, "बरं."

छायच्या ट्रकमध्ये पुढे जागा होती म्हणून त्या त्याच्याबरोबर गेल्या. बसचा त्रास वाचला. रस्त्याला लागल्यावर ट्रक उजवीकडे वळला. रुईलानचं माहेर डावीकडे आहे.

मी अंगणात उभी राहून वळणाकडे बघत राहिले. ट्रक केव्हाच दिसेनासा झाला होता.

३ नोव्हेंबर

सकाळी मी आईला म्हणाले, "तुला माहीत होतं."

ती कणसं सोलत होती. "तुला माहीत नव्हतं?"

मग तीच बोलली, हात न थांबवता.

"डोंगर आला त्याच दिवशी मला कळलं की तो गेला. मी काही त्याच्यासाठी थांबले नव्हते. रुईलानचंही मला कळत होतं, आधीपासून. चांगला माणूस आहे तो, तिला हसवत नाही पण तिच्याशी बोलतो. तिला मी अडवलं नसतं. ओळ झाली की ती जाणार, म्हणून मी ओळच लांबवत होते. एक हिवाळा गं. एक हिवाळा अजून याया माझ्या कुशीत झोपली असती. वसंतात मी आपणहून म्हणाले असते."

"मला का नाही सांगितलंस?"

"तू विचारलं होतंस का? तू तर दिवस ठरवून आलीस."

तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर मी भांडले असते, मला तेवढं येतं. मी तिच्याजवळचं एक कणीस ओढून घेतलं आणि सोलायला लागले. किती सोलली ते माहीत नाही.

दुपारी ती उठली आणि लापशीसाठी मक्याचं पीठ काढायला गेली. सवयीने हात पोत्यात गेला, पीठ पातेल्यात पडलं. मग ती पातेल्याकडे बघत उभी राहिली आणि त्यातलं मूठ-मूठ पीठ पुन्हा पोत्यात टाकू लागली, दोघींपुरतं उरेपर्यंत.